पूर्वेच्या भिंतीवरचं येरुशलाईम

बल्लारपुरात येऊन रहामीम अष्टमकरांचं घर विचारलं, की लोक क्षणभर डोकं खाजवत आणि मग त्यांची ट्यूब पेटे. "नकाशेवाले भाऊ होय? भंगार जमा करतेत ते?" हो, तेच ते.

जंगल खात्याच्या कचेरीत या माणसाने उभा जन्म नकाशे उतरवण्यात घालवला. मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं, बारीक निब काळ्या शाईत बुडवायची आणि खालचा नाला न् नाला, टेकडी न् टेकडी वर जशीच्या तशी आणायची. पदरचं काही घालायचं नाही. त्यामुळे जंगलातली प्रत्येक पायवाट रहामीमभाऊंना पाठ होती आणि त्यातल्या एकीवरूनही ते कधी चाललेले नव्हते. वाघ पाहिला होता तो एकदाच, तोही मेलेला, कचेरीच्या अंगणात.

अष्टमकर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. फार मागे पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, अशी त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली हकिकत आहे. रहामीमभाऊंचे वडील रेल्वेत लागले आणि बदली होऊन नागभीडला आले. तेव्हापासून या घराण्याचा समुद्राशी संबंध तुटला तो तुटलाच. चांदा म्हणा, गडचिरोली म्हणा, दोन्ही जिल्ह्यांत आपल्या माणसांचं दुसरं घर त्यांना ठाऊक नव्हतं. गावाला तर ही भानगड कधी नीट उमगलीच नाही. नाताळला पोस्टमन बक्षीस मागायला येई, ईदेला भंगारवाला शिरखुर्म्याची चौकशी करी. रहामीमभाऊ पोस्टमनला बक्षीस देत आणि भंगारवाल्याला शेवयांची खीर. समजावून सांगत बसण्यापेक्षा ते सोपं पडे.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा होती, म्हणजे शास्त्रवचनाची गुंडाळी घातलेली बोटाएवढी नळी. जाता-येता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. शेजारच्या सत्यशीलाबाईंनी सुरुवातीला तिला विजेचा फ्यूज समजून पोरांना चार हात लांब ठेवलं होतं. पुढे कळल्यावर त्याही आत येताना हात लावू लागल्या. "आमी देवगिव नाई मानत जी," त्या म्हणत, "पन तुमच्या घरात शिरून राह्यलो त तुमच्या दाराले विचारलं पायजे." त्यांचे यजमान गुणवंतराव शाळामास्तर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या वडिलांचा मुलगा, आणि कुठल्याही कामात मदतीला आधी धावायचं, काम काय ते मागाहून विचारायचं, असा स्वभाव.

एकदा रहामीमभाऊंनी नुसतं बोलून दाखवलं, की आमची मोठी प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात, ते इथे कुठून आणू? गुणवंतराव चप्पल पायात सरकवून गेले आणि विहाराच्या कमिटीतले आठ जण घेऊन आले.

"तुमी एक, मी एक. झाले दहा. करा सुरू."

दहा आमच्यातलेच लागतात, हे सांगायला रहामीमभाऊंची जीभ उचलेना. शेवटी कसंबसं सांगितलं.

"म्हंजे आमी परके हाओ का भाऊ?" गुणवंतरावांनी विचारलं.

त्यावर रहामीमभाऊंच्या बायकोने, मिल्काबाईंनीच, आतून मलिद्याचं ताट आणलं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर केळ्याचे काप. एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने हा मलिदा करतात. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही, पण मलिदा मात्र सगळ्यांनी दोनदा मागून घेतला.

मिल्काबाई पेणच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा 'मले', 'तुले', 'काऊन' ऐकून आपण परमुलखात पडलो म्हणून आठवडाभर रडल्या होत्या. तीस वर्षं झाली तरी त्यांनी आपलं 'मला' सोडलं नाही. नवऱ्याचं 'मले' सुटावं म्हणूनही त्यांनी बरेच प्रयत्न केले. पालथ्या घड्यावर पाणी.

आता त्या भिंतीची गोष्ट. बल्लारपूरचा कागदाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. तो काही कामाने जंगल खात्याच्या कचेरीत आला, रहामीमभाऊंचं नाव ऐकून चपापला, आणि संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन मेझुझेला हात लावून ढसाढसा रडला. तोही ज्यू, पोलंडकडचा. लढाईत त्याचं सगळं घरदार गेलं होतं. परत जाताना त्याने आपल्या आईच्या घरातली एकच उरलेली वस्तू रहामीमभाऊंच्या हातात ठेवली. कागद कातरून केलेलं चित्र, काचेत बसवलेलं. मधोमध पवित्र येरुशलाईम शहराची वेस, दोन्ही बाजूंना सिंह, वेली, हरणं, आणि वर हिब्रू अक्षरांत एक शब्द. अक्षरं रहामीमभाऊंना लागत, अर्थ लागत नसे. इंजिनियरने सांगितलं, याचा अर्थ पूर्व. आमच्याकडे पूर्वेच्या भिंतीवर लावतात आणि तिकडे तोंड करून प्रार्थना करतात.

रहामीमभाऊंनी त्याच दिवशी होकायंत्र आणून पूर्वेची भिंत काढली आणि चित्र टांगलं. एका अंशाचाही फरक नव्हता. "सिंह कसले, मांजरं आहेत," मिल्काबाई म्हणाल्या. पण रोज फडक्याने काच पुसायच्या त्याच.

त्या कातरलेल्या कागदाने रहामीमभाऊंना वेड लावलं. जन्मभर दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढलेला माणूस, त्याच्या मनात स्वतःची एखादी रेघ तुंबून राहिली असणारच. एक्क्याऐंशी साली ते सेवानिवृत्त झाले आणि ती रेघ बांध फोडून वाहू लागली. कचेरीतले वाळवी लागलेले जुने नकाशे रद्दीत निघाले, ते त्यांनी साहेबाला विचारून घरी आणले. मग बांबूच्या कामट्या आल्या, विड्यांच्या कट्ट्यांवरची लेबलं आली, एसटीची तिकिटं, कोळशाची भुकटी, मुखरू ढिवराचं फाटकं जाळं. चिकटवायला धावड्याचा डिंक. असं सगळं कातरून, जोडून ते चित्रं करू लागले. याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. मिल्काबाईंना ठाऊक होतं. त्या त्याला पसारा म्हणत.

एका चित्रात त्यांनी वैनगंगेला आणि वर्धेला मिळणाऱ्या नद्या नकाशातून कातरून सात फांद्यांची समई केली, येरुशलाईमच्या पुरातन मंदिरात असायची तशी. वाती म्हणून पळसाची सुकलेली फुलं. गुणवंतराव ते बघून इतके खूश झाले, की चित्र मागून घेऊन विहारात टांगलं. तिथे लोक त्याला बोधिवृक्ष समजतात. रहामीमभाऊंनी दुरुस्ती केली नाही. झाड तर झाड, लोक हात जोडतात ना!

आता खरी अडचण. मिल्काबाईंची एकुलती एक मुलगी रिबका, लग्न होऊन नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली. लोद गावात राहते. तिला मुलगा झाला तेव्हापासून ती आईबापांना कायमचं बोलावत होती. मिल्काबाईंचं मन तर केव्हाच विमानात बसलं होतं. रहामीमभाऊ हो म्हणत आणि जागचे हलत नसत. आधी पेन्शनचं निमित्त, मग उन्हाळ्याचं, मग गुडघ्याचं. निमित्तं संपत आली तशी त्यांना नामी युक्ती सुचली.

"मिल्का, असं करू," ते म्हणाले. "ह्या भिंतीवर मी बल्लारपूर ते येरुशलाईम असा रस्त्याचा नकाशा करतो. अक्खी वाट. ज्या दिवशी नकाशा पुरा होईन, त्या दिवशी निंगू."

मिल्काबाईंना वाटलं, चार-सहा महिन्यांचं काम. त्या हो म्हणून बसल्या.

पुढच्या दाराशी, भिंतीच्या डाव्या अंगाला, बल्लारपूर मांडलं गेलं. उजव्या टोकाला इंजिनियरच्या आईचं येरुशलाईम होतंच. मधली जागा भरायची होती. हाताशी नकाशे होते ते जंगल खात्याचे, आणि कचेरीची सवय अशी, की उत्तर वर ठेवल्याशिवाय हात कागदाला लागायचाच नाही. कोठारी लागलं. आष्टी लागलं, तिथली वैनगंगा मिल्काबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. आलापल्लीला सागाच्या पानांचं जंगल झालं. दर पावसाळ्यात डिंक सुटे, दर उन्हाळ्यात पानं चुरा होत, आणि रहामीमभाऊ अगदी मन लावून पुन्हा पहिल्यापासून चिकटवत. सहा वर्षांत रस्ता भामरागडपर्यंत आला. मिल्काबाई विचारीत, "समुद्र कधी लागणार?" ते म्हणत, "घाई केली त वाट चुकते." ताकाला तूर लागू देत नसत.

पान न् पान बरोबर होतं. पोथी मात्र चुकली होती, हे या नकाशेवाल्याच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणी विचारील. शाळेच्या ॲटलासात इस्राएल कुठे असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण कचेरीतलं ज्ञान कचेरीत आणि घरचा देव घरात, अशी वाटणी माणसं करतातच. दोघांची गाठ पडायला निमित्त लागतं.

निमित्त झालं सत्त्याऐंशी सालच्या दारफळणीच्या सणाचं. हा त्यांचा सगळ्यांत मोठा उपास. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही, दारं लावून घ्यायची, बाहेरच्याशी बोलायचं नाही, आणि मावळतीला शेवटची प्रार्थना. दरवर्षी या दिवशी गुणवंतराव गल्लीतल्या पोरांना दटावून ठेवत आणि अष्टमकरांचं घर पुढून-मागून बंद होई. त्या वर्षी मात्र स्वयंपाकघराचं मागलं दार वाळवीने खाल्लं होतं. झिंगू सुताराने ते दुरुस्तीला नेलं आणि सुतार मंडळींच्या रीतीप्रमाणे परत आणलं नाही. मिल्काबाईंच्या जिवाची घालमेल. दार नसेल तर दारफळणी कसली? शेवटी त्यांनी चौकटीला गोणपाट बांधलं. सत्यशीलाबाईंच्या बकरीने ते तिसऱ्या प्रहरापर्यंत शांतपणे खाल्लं.

त्यामुळे असं झालं, की रहामीमभाऊ पांढरी शाल डोक्यावरून घेऊन पूर्वेच्या भिंतीपुढे शेवटची प्रार्थना म्हणत असताना, मावळतीचं ऊन मागच्या उघड्या चौकटीतून, स्वयंपाकघरातून, मधल्या दारातून सरळ आत आलं आणि समोरच्या नकाशावर पडलं. भामरागड झळाळलं. काच चमकली. मांजरांचे सिंह झाले. तीस वर्षांत या प्रार्थनेला हे कधी झालं नव्हतं. रहामीमभाऊंचे डोळे भरून आले, आवाज चढला. देवाने आपल्या डिंकाच्या कामाची दखल घेतली, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

शेजारी मिल्काबाई उभ्या होत्या. त्यांची मान भाजत होती. उपास सुटला, सरबत झालं, आणि मग त्या म्हणाल्या,

"अहो, लहानपणी पेणला आमच्या सिनेगॉगात ही प्रार्थना सुरू झाली ना, की ऊन आमच्या डोळ्यांत यायचं. आई पदर धरायची माझ्या कपाळावर."

"असन," रहामीमभाऊ म्हणाले.

"डोळ्यांत यायचं. मानेवर नाही."

रहामीमभाऊंनी सरबताचा पेला खाली ठेवला. कचेरीतलं ज्ञान आणि घरचा देव यांची पहिल्यांदा समोरासमोर गाठ पडली, आणि दोघांनी त्यांच्याकडेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी रहामीमभाऊंनी सांगताच गुणवंतरावांनी काही न विचारता शाळेतून पृथ्वीचा गोल आणला. त्यावर बल्लारपूर नव्हतं, पण नागपूर होतं. मास्तरांनी एक बोट नागपूरवर ठेवलं, दुसरं येरुशलाईमवर. बोटं सरळ पश्चिमेला गेली. इंजिनियरचं गाव येरुशलाईमच्या वायव्येला, म्हणून त्याच्या आईला पूर्व. आपण येरुशलाईमच्या पूर्वेला, म्हणून आपल्याला पश्चिम. शेंबड्या पोरालाही कळेल असं होतं.

"म्हंजे भाऊ," गुणवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, "तुमी तीस वर्सं बस्तरकडं तोंड करून..."

"पृथ्वी गोल हाय मास्तर," रहामीमभाऊ घाईने म्हणाले. "सरळ गेलं त पोचतेच."

मास्तरांनी गोल फिरवून पाहिला. बस्तर, ब्रह्मदेश, चीन, तो अवाढव्य समुद्र, मग अमेरिका, मग आणखी एक समुद्र. "पोचते," त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "पन लई वेळ लागते."

मिल्काबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हसू येत होतं, आणि त्या हसल्याही असत्या. पण त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. रहामीमभाऊ गोलाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, धक्का होता, पण त्याच्या खाली, कोपऱ्यात, सुटल्यासारखा एक आनंद होता.

"आता काय मिल्का," ते म्हणाले, "नकाशा उलट्या बाजूनं पह्यलेपासून करा लागन."

मिल्काबाईंचं हसू आटलं. त्या वळल्या आणि आत निघून गेल्या. गुणवंतरावांनी गोल काखोटीला मारला. अशा वेळी कुणाच्या घरात थांबू नये, एवढं मास्तर असूनही त्यांना कळत होतं.

रहामीमभाऊ मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मिल्काबाई पश्चिमेच्या भिंतीशी, चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी वळून न बघता बोलायला सुरुवात केली.

"सहा वर्षं! रिबकाचा मुलगा शाळेत जायला लागला. त्याला रांगताना मी पाहिलं नाही. त्याचा आवाज कसा आहे मला ठाऊक नाही. आणि तुम्ही खूश झालात. मी पाहिलं. अजून सहा वर्षं मिळाली म्हणून खूश झालात."

"मिल्का..."

"मी मेल्यावर पुरा करा तुमचा नकाशा."

रहामीमभाऊ खाली पाटावर बसले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी सगळ्यांत चुकीची गोष्ट बोलून दाखवली. "मले ह्याचं वाईट वाटून राह्यलं, का तुह्या तीस वर्साच्या प्रार्थना उलट्या दिशेला गेल्या. माह्यामुळं."

आता मिल्काबाई वळल्या.

"माझ्या? मी त्या भिंतीपुढे उभी कधी राहत होते? वर्षातून एक दिवस! एरवी तुमचा भात कोण शिजवत होतं? मला जे मागायचं ते मी इथेच मागितलं, चुलीपाशी, फुंकणीने फुंकता फुंकता. रिबकाला टायफॉइड झाला तेव्हा इथेच. तिच्या बाळंतपणाच्या वेळी इथेच. मी रोज देवाच्या तोंडासमोर बसले होते हो. पाठ तुम्ही केली होती."

रहामीमभाऊंनी भिंतीकडे पाहिलं. होकायंत्राची गरज नव्हती. चूल पश्चिमेला होती, आणि बाई तीस वर्षं तिच्यापुढे बसली होती.

मग मिल्काबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही काय मागत होता तिथे, एवढा वेळ?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. खोटं बोलता आलं असतं. पण कालच उपास झालेला, वर्षभराची पापं नुकतीच धुऊन निघालेली, लगेच नवीन खातं कुठे उघडायचं?

"हेच," ते म्हणाले, "का आपल्याले इथून जा नको लागो."

"रोज?"

"रोज. तिथी मले कोन ओयखते मिल्का? इथी नाल्यायची नावं मले पाठ हायेत. तिथी मी कोन? रिबकाचा बाप. भिंतीशी बसलेला म्हातारा. मले भेव वाटते."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. पेन्शन सांगितली, गुडघा सांगितला, डिंक सांगितला.

"म्हणजे मी इकडून ओढत होते," मिल्काबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडून. देवाचं धोतर फाटलं असेल मधल्या मध्ये."

दोघंही हसले. पण मिल्काबाईंचं हसता हसता रडं झालं, आणि या खेपेला रहामीमभाऊंना ते बघवेना. त्यांनी आयुष्यात बायकोला रडताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण आपल्या प्रार्थनेपायी रडताना पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. पूर्व-पश्चिमेची वाटली नव्हती इतकी वाटली.

जेवणं झाल्यावर ते उठले आणि पूर्वेच्या भिंतीवरून इंजिनियरच्या आईचं चित्र उतरवलं. स्वयंपाकघरात आणून चुलीच्या वर, डाव्या अंगाला, खिळा ठोकला. मिल्काबाई भांडी घासता घासता बघत होत्या.

मागल्या दाराच्या चौकटीशी बल्लारपूर लागलं. तिथून मुंबईपर्यंत रहामीमभाऊंनी रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकातला नकाशा कातरून लावला, एकाच तुकड्यात. मुंबईला येऊन ते थांबले.

"समुद्र लागला," ते म्हणाले. "तुही ती निळी साडी देतं का?"

ती रिबकाच्या लग्नातली साडी होती. मिल्काबाईंनी पेटीतून काढून दिली आणि पदर कुठून फाडायचा तेही दाखवलं. समुद्र झाला. पलीकडे अरबस्तानचं वाळवंट लागणार होतं. रहामीमभाऊ झिंगूकडे गेले. दाराचं काय झालं ते विचारलंच नाही. पॉलिश कागद मागितला, सुतार लाकूड घासायला वापरतात तो, आणि सबंध वाळवंट एका कागदात उरकलं. त्यावर कोळशाच्या बोटाने रस्ता ओढला. ही रेघ कशावरूनही उतरवलेली नव्हती. ती जरा वाकडी आली. ती नीट करायला ते थांबले नाहीत. भामरागडला पोचायला सहा वर्षं घेणारा माणूस ऊन उतरायच्या आत येरुशलाईमच्या वेशीत जाऊन उभा राहिला.

त्यांनी डिंकाचे हात धोतराला पुसले. "झाला नकाशा," ते म्हणाले. "रिबकाले कळवून टाक. आपून निंगून राह्यलो."

मिल्काबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं, पाण्याच्या माठाकडे, दार नसलेल्या चौकटीतून दिसणाऱ्या कुंपणाकडे, आणि कुंपणापलीकडे धुणं काढणाऱ्या सत्यशीलाबाईंकडे.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या.

"सा वर्सं तूच त म्हनून राह्यली..."

"हो. म्हणाले मी. नाही कुठे म्हणते?"

पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांना लोदला पोचायचं होतं, नातवाला पोटाशी धरायचं होतं, आणि त्यासाठी रोज इथेच बसून साकडं घातलं होतं. त्यासाठी बल्लारपूर सोडावं लागेल, हे त्यांनी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. ज्या गावात आल्यावर आठवडाभर रडल्या होत्या, ते गाव आता कुठे ठेवायचं, हे त्यांना समजेना.

"सत्यशीलाबाईंना सांगून येते," असं म्हणून त्या कुंपणाकडे गेल्या.

बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत. रहामीमभाऊ बोलवायला म्हणून चौकटीपर्यंत गेले. पलीकडच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. मध्ये लाखोळीच्या डाळीचं सूप होतं आणि दोघी मिळून त्यातले खडे वेचत होत्या. सत्यशीलाबाई मधेच पदराने नाक पुसत आणि पुन्हा खडे वेचायला लागत. एवढ्या डाळीत इतके खडे नसतात. रहामीमभाऊ हाक न मारता मागे फिरले.

भाताची वेळ झाली होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तांदूळ धुतले, चूल पेटवली, पातेलं चढवलं आणि पाटावर बसले, तोंड बरोबर पश्चिमेला. आता योग्य दिशेला बसलोच आहोत तर काहीतरी मागावं, असं त्यांच्या मनात आलं. इथून जावं लागू नये, हे आता मागता येत नव्हतं. सुखरूप पोचव, असं म्हणायला जीभ वळेना. शेवटी त्यांनी भात करपू नये एवढंच मागितलं. ते मागताना त्यांचे डोळे इतके भरून आले, की पातेल्याकडे बघायचं राहून गेलं, आणि भात करपला.

मिल्काबाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. वास त्यांना कुंपणापाशीच आला असणार. त्यांनी दोन पानं मांडली, वरचा बरा भात नवऱ्याला वाढला, खालचा आपल्या पानात घेतला आणि एक घास खाल्ला.

"मीठ बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या. "लोदला गेल्यावर भात तुम्हीच लावत जा."